धातूवर हाताने कोरायचंय? आधी कागद नीट करा

भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून नावं घालणारे काका आठवतात का? मांडीवर डबा, हातात छोटी हातोडी आणि छिन्नी, टकटकटक करत ठिपक्याठिपक्यांनी ‘चि. सौ. कां. अमुकतमुक हिस सप्रेम भेट’, खाली तारीख, पाच मिनिटांत काम खलास. ना पेन्सिल ना छाप. मी त्यांच्याकडे बघत बघतच या नादाला लागलो आणि पहिली चूकही तीच केली, म्हणजे मलाही असं डायरेक्ट जमेल असं वाटलं. त्यांच्या हातात आख्खं आयुष्य होतं, माझ्या हातात फक्त नवाकोरा ग्रेव्हर, म्हणजे धातू कोरायचं टोकदार हत्यार.

ग्रेव्हरचं काम ठिपक्यांपेक्षा वेगळं आहे. टोक धातूत घुसवून पुढे ढकलायचं, धातूची बारीक साल वर येते, आणि ती एकदा निघाली की निघाली, परत चिकटवता येत नाही. त्यामुळे टोक पत्र्यावर टेकवल्यावर ‘ही वेलांटी इथे वळवू का जरा पुढे’ असा प्रश्न पडला की हात थरथरलाच म्हणून समजा. ग्रेव्हर शंका सोडवत नाही, शंका असेल तर ती पण कोरून ठेवतो. म्हणून जे काय ठरवायचं ते सगळं कागदावरच ठरवायचं आणि पत्र्यावर फक्त ठरलेली रेघ उतरवायची. खालचं सगळं त्याच्याचसाठी.

हे पितळ, तांबं आणि चांदीसाठी आहे. स्टेनलेस स्टील नवशिक्याने हाताच्या ग्रेव्हरला लावूच नये, टोकं मोडत बसाल.

लागणारं सामान

- ट्रेसिंग पेपर, काळं पिगमेंट पेन (०.३ आणि ०.५), स्टीलची पट्टी
- स्कॅनर, किंवा जवळच्या झेरॉक्सवाल्याकडचा चालतो
- कॉम्प्युटरवर गिम्प (स्कॅन साफ करायला) आणि इंकस्केप (रेघांचं डिझाइन आणि अक्षरं करायला), दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत
- ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर. पुढच्या पद्धतीसाठी इंकजेट चालणार नाही
- ॲसिटोन, कापूस, चिकटपट्टी, जुना चमचा
- स्क्रायबर, म्हणजे रेघ ओढायची टोकदार सुई
- पीतांबरी, आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर
- ज्यावर कोरायचं त्याच धातूचा एक टाकाऊ तुकडा. हा नसेल तर बाकीचं सामान आणूच नका

१. उलटं की सुलटं, हे सगळ्यात आधी

हे पहिल्या नंबरला घेतोय कारण माझी एक तांब्याची पाटी अजून घरात आहे जी फक्त आरशात वाचता येते. मावशीच्या दारावर लावायची होती. आठ दिवसांचं काम, मावशी म्हणाली राहू दे रे, छान दिसतंय, पण लावली काय तिने नाही.

लेझर प्रिंट धातूवर पालथी घालून छाप घेतली की चित्र एकदा उलटतं. म्हणजे जे नाव धातूवर सरळ वाचायचंय त्याची प्रिंट आरशातली काढायची. पण तुम्ही शिक्का कोरत असाल किंवा शाई लावून छापायची प्लेट कोरत असाल तर धातूवरचं अक्षरच उलटं हवं, मग प्रिंट सरळ काढायची. जुना ताम्रपट हातात घेऊन वाचायचा असतो म्हणून तो सुलटा कोरलेला, मोर्तबाचा शिक्का उमटवायचा असतो म्हणून तो उलटा. १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली होती, म्हणजे त्या कारागिराने अठरा अध्याय उलट्या देवनागरीत काढले असणार, विचार केला तरी मान दुखते.

कार्बन पेपरने गिरवत असाल तर काहीच उलटत नाही, जसं गिरवाल तसंच उतरतं.

गोंधळ झाला तर एक सोपी परीक्षा आहे. प्रिंटचा कागद पाठीमागून बघा, खिडकीच्या उजेडाला धरून. पाठीमागून जे दिसतं तेच धातूवर येणार. मी हे आता प्रत्येक वेळी करतो, पाटी समोरच्या भिंतीवर आहे.

२. नाव लेखी घ्या

फोनवर सांगितलेलं नाव कधीही कोरायला घेऊ नका. सुनिता की सुनीता? ‘स्मीता’ असं दीर्घ लिहिणारी भेटली नाही अजून पण भेटेल. माणसं आपलं नाव व्याकरणाप्रमाणे लिहीत नाहीत, शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहितात, आणि ते बरोबरच आहे, नाव त्यांचं आहे. मेसेजवर देवनागरीत टाइप करून मागवा, आणि फायनल प्रिंटचा फोटो पाठवून ‘हेच कोरू ना?’ असं विचारून होकार घ्या. सौ., चि., कै. नंतरचे टिंब, तारखेतल्या रेघा, सगळं त्याच फोटोत दिसलं पाहिजे.

३. मोठं काढा, मग लहान करा

हाताने डिझाइन काढणार असाल तर, म्हणजे वेलबुट्टी, गणपती, कोयरी वगैरे, ते हव्या त्या मापात काढत बसू नका. २ सेंटीमीटरची कोयरी चौपट करून ८ सेंटीमीटरची काढा. ०.५ च्या पेनाची रेघ २५ टक्के केली की ०.१२५ मिलिमीटरची होते, आणि हाताची थरथरसुद्धा तेवढीच लहान होते, हा खरा फायदा.

आधी पेन्सिलने काय ते खोडा, पुसा, मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून पेनाने एकदाच, एका दमात स्वच्छ रेघ ओढा. पेन्सिलीत आपण एकाच वळणावर चार चार केसाळ रेघा मारतो आणि लांबून ते सुंदर दिसतं. पण यातली कुठली कोरायची? स्केच आवडलं म्हणून तेच स्कॅन करायचा मोह होतो, माझ्याकडे शिकायला आलेल्या दोघांनी केलं आणि दोघंही पत्र्यावर जाऊन अडकले.

४. स्कॅन आणि काळं-पांढरं

फोनने फोटो काढू नका. म्हणजे निघतो फोटो, पण कडा आत वाकतात, एका कोपऱ्यात हाताची सावली येते आणि वर्तुळाचं अंडं होतं. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करा. झेरॉक्सवाल्याकडे करत असाल तर फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर घ्यायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि रेघांच्या कडेला धुरासारखी घाण येते. जेपेगमध्ये सेव्ह केलं तरी थोडीफार तीच भानगड, म्हणून पीएनजी घ्या.

आता गिम्पमध्ये उघडा आणि कलर्स मेनूतलं थ्रेशोल्ड लावा. याने प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा होतो नाहीतर पूर्ण पांढरा, मधलं करडं काही उरत नाही. स्लायडर हलवत हलवत बघायचं, एका बाजूला गेलं की बारीक रेघा तुटायला लागतात, दुसऱ्या बाजूला गेलं की क्ष आणि ज्ञ ची पोटं भरून जातात. मधली जागा शोधा आणि राहिलेलं हाताने दुरुस्त करा.

करड्याचा एवढा राग का, तर लेझर प्रिंटरकडे करडा रंग नसतोच. तो करडं दाखवायला काळे बारीक ठिपके विरळ मारतो. कागदावर ती छान सावली वाटते पण धातूवर उतरल्यावर नुसती काळी धूळ, कुठे कोरू ते कळत नाही.

आणि इथेच एक खड्डा आहे. स्कॅनमध्ये कचऱ्याचे बारीक काळे ठिपके येतात, ते काढायला ऑटोमॅटिक सोय असते, इंकस्केपमध्ये स्कॅनवरून आकार काढून देणारं ट्रेस बिटमॅप असतं, त्यातही आहे. वापरा, पण नंतर अनुस्वार मोजा. त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला टिंब आणि कचरा यातला फरक कळत नाही. आत्याच्या साठीला दिलेल्या ताटावर ‘वंदना’ची ‘वदना’ होता होता राहिली, ती पण मला दिसलं म्हणून नाही, आईने जाता जाता विचारलं की ही वदना कोण. नुक्ता, पूर्णविराम, चंद्रबिंदी, सगळं मोजा.

ट्रेस बिटमॅपबद्दल अजून एक. ते तुमच्या रेघेला रेघ मानत नाही, एक लांबट काळा आकार मानतं, म्हणून त्याला आतला रंग काढून नुसती कड दिलीत तर एका रेघेच्या दोन होतात. नवीन इंकस्केपमध्ये सेंटरलाइन ट्रेसिंग असा पर्याय आहे, तो रेघेच्या मधोमध एकच रेघ काढतो. वेलबुट्टीला मी तोच वापरतो.

५. टाइप करणार असाल तर

नुसतं नाव किंवा मजकूर असेल तर सरळ टाइप करा, पण युनिकोड फॉन्टमध्ये. डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट चालतात, ती फाइल तुमच्याकडे उघडली की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मजकूर फायनल झाला की इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ करून टाका, म्हणजे अक्षरं चित्र होतात आणि कुठल्याही मशिनवर उघडली तरी तशीच राहतात. एक प्रत मात्र टाइप केलेल्या अवस्थेत वेगळी ठेवा, नाहीतर स्पेलिंग बदलायला सगळं पहिल्यापासून.

फॉन्ट कुठला? सुरुवातीला एकाच जाडीची अक्षरं घ्या, मुक्ता चांगला आहे, मोकळा आहे. जाड-बारीक पारंपरिक वळण हवं तर आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टायरो देवनागरी मराठी. टायरोच्या मराठी प्रकारात ल पाकळीचा आणि श आपला येतो, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल-श येतो आणि ‘शैला’ नाव कोरून झाल्यावर घरातलं कुणीतरी म्हणतं, काहीतरी वेगळंच दिसतंय हो. मोदक नावाचा एक गुबगुबीत फॉन्ट आहे, मला प्रचंड आवडतो, पण कोरायला घेऊ नका, अक्षराच्या आत पांढरी जागा अशी नसतेच.

आडनाव गोऱ्हे, कुऱ्हाडे असं काही असेल तर तो अर्धा र नीट बघा. काही ठिकाणी त्याचा रफार होऊन ‘गोर्हे’ उमटतं.

आकाराचं म्हणाल तर पहिल्या वर्षी ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेऊ नका. त्याखाली ध आणि घ, भ आणि म एकमेकांत मिसळायला लागतात. लोक लहान मागतात कारण लहान नाजूक दिसतं. नाही म्हणायला शिका.

६. रेघ किती जाड

६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटर. त्यामुळे ०.१ पेक्षा बारीक रेघ दिलीत तर ती दोन ठिपक्यांवर आली, छाप घेताना तुटणारच. आणि ०.२ च्या वर गेलात तर रेघेच्या डाव्या कडेने जायचं की उजव्या, हा नवा प्रश्न. मी ०.१२ ते ०.१५ मध्ये राहतो.

जाड अक्षर असेल तर ते आतून भरलेलं ठेवू नका, फक्त बाहेरची कड ठेवा. आतलं भरायचं ते ग्रेव्हरने, कडेच्या दोन रेघा आधी कोरून मग मध्ये.

सावली दाखवायची असेल तर ती पण रेघांचीच. समांतर रेघा, जवळ जवळ म्हणजे गडद, लांब लांब म्हणजे फिकी. सोंडेवरची सावली सोंडेच्या गोलाईने वळली पाहिजे, सरळ मारली तर सोंड नाही, पाइप दिसतो. फोटोवरून देवाचा चेहरा कोरायचा असतो सगळ्यांना, मलाही होता. त्या फोटोवरून आधी तुम्हाला रेघांचं चित्र काढावंच लागतं, याला कुठलंही बटण नाही.

७. प्रिंट

प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असतं ते काढून ‘ॲक्चुअल साइज’ करा. फिट टू पेज गुपचूप दोनचार टक्के कमी करतं आणि तुमची किनार ताटाच्या काठाला जुळत नाही. डिझाइनशेजारी ५० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट आली की पट्टी लावून मोजा, डोळ्याने कळत नाही हे.

टोनर सेव्ह मोड बंद. प्रिंट जितकी काळीकुट्ट तितकी छाप चांगली. कलर लेझरवर काढू नका, त्यातला काळा कधी कधी चार रंग मिळून बनतो आणि ते एकमेकांवर अचूक बसले नाहीत तर रेघेला झालर येते. कागद साधा ७५ जीएसएमचा चालतो. ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) वापरायची असेल तर ती लेझरसाठीचीच आहे ना ते पाकिटावर वाचा, चुकीची घातली तर आत वितळते आणि मग प्रिंटरवाला तुमच्याशी जन्मात बोलत नाही.

एका पानावर तेच डिझाइन सहा वेळा घ्या. तीन छाप बिघडतातच. एक सरळ प्रिंट वेगळी काढून तिच्यावर लाल पेनाने बाण आणि नंबर घाला, कुठली रेघ कुठून कुठे आणि कितवी. उभी काडी मी शिरोरेषेकडून खाली घेतो, वर जाताना ग्रेव्हर घसरला तर शिरोरेषेच्या डोक्यावर शिंग येतं.

८. पेला, तांब्या आणि बाकीची गोल मंडळी

सपाट पाटी असेल तर हा भाग सोडा.

पेला वर रुंद आणि खाली अरुंद असतो. त्यावर सरळ ओळीत छापलेलं नाव गुंडाळलं की शिरोरेषा काठाला समांतर राहत नाही, मध्ये एक आणि टोकांना भलतीच दिसते. इंग्रजी अक्षरं सुटी असल्याने खपून जातं, देवनागरीत वर ही लांबलचक रेघ आहे, ती चुगली करते.

उपाय असा की पेल्याभोवती ट्रेसिंग पेपर घट्ट गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वरच्या काठाने आणि तळाच्या कडेने पेन्सिल फिरवा, मग कागद सोडून सपाट करा. तुम्हाला पंख्यासारखा वाकडा तुकडा मिळेल. तो स्कॅन करा, त्याच्या वरच्या कमानीला समांतर एक कमान काढा आणि शिरोरेषा त्या कमानीवर बसवा. इंकस्केपमध्ये मजकूर कमानीवर बसवता येतो पण तो अक्षरं वाकवत नाही, फक्त फिरवतो, त्यामुळे शिरोरेषेला सांधे पडतात. मी शिरोरेषा पुसून टाकतो आणि कमानीची एकच अखंड रेघ वरून काढतो.

तांब्या मात्र सगळ्या बाजूंनी फुगलेला, त्यावर कुठलाच कागद सपाट बसत नाही, सुरकुत्या येतात. मजकूर शब्दाशब्दाने कापा आणि एकेक शब्द वेगळा छापा. आधी भांड्यावर पाण्याने पुसता येणाऱ्या पेनाने एक आडवी रेघ आखून घ्या, नाहीतर दुसरा शब्द चढावर जातो.

९. छाप घेणं

भांडं पीतांबरीने घासा, धुवा, पूर्ण कोरडं करा, मग ॲसिटोनचा बोळा फिरवा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटाचं तेल पुरेसं असतं छाप बिघडवायला. आरशासारख्या चकचकीत पृष्ठावर टोनर नीट धरत नाही, पाटी असेल तर ८०० चा पेपर एकाच दिशेने हलका मारा. कुणाचं पॉलिश केलेलं भांडं असेल तर पेपर लावू नका, शेवटी दिलेली जुनी पद्धत वापरा.

ॲसिटोन फार पटकन पेट घेतं. गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा काही जवळ नको, खिडकी उघडी. नेलपेंट रिमूव्हर वापरणार असाल तर बाटली वाचा, बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतंच आणि वर तेल घातलेलं असतं.

प्रिंट पालथी ठेवा, एका बाजूने चिकटपट्टीने बिजागरीसारखी अडकवा, पट्टी डिझाइनपासून लांब. कापूस ॲसिटोनमध्ये बुडवून पिळा. ओला नको, दमट हवा. कागदाच्या पाठीवर दाबत जा, घासायचं नाही, फक्त दाबायचं. कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि काळ्या रेघा पाठीवरून दिसायला लागतात, तेव्हा चमच्याच्या पाठीने पाच-दहा सेकंद घट्ट दाबा. ॲसिटोन उडालं की कागद परत पांढरा पडतो. मग एक कोपरा हळूच उचलून बघा, उतरलं नसेल तर बिजागरीमुळे परत त्याच जागी बसवता येतं. जास्त ओलं केलंत तर टोनर वाहतो आणि रेघा फुगून मिशा येतात. एप्रिल-मे मध्ये ॲसिटोन हातातल्या हातात उडतं, म्हणून तळहाताएवढी जागा एकदम घेऊ नका, दोन बोटांएवढी घ्या.

बिघडलं तर ॲसिटोनने पुसा आणि दुसरी प्रिंट घ्या. इथपर्यंतच्या चुका फुकट आहेत, लाज वाटून घेऊ नका, मी एकदा सात वेळा पुसलंय.

जुनी पद्धत म्हणजे पांढऱ्या पोस्टर कलरचा अगदी पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर कार्बन पेपर आणि वर सरळ प्रिंट ठेवून टोकदार पेन्सिलने गिरवायचं. वेळ लागतो, पण पॉलिशला धक्का नाही, आणि काळ्या रेघा पांढऱ्यावर इतक्या छान दिसतात की साठीच्या पुढचे डोळे असतील तर मी हीच पद्धत सांगेन.

१०. पहिली साल काढण्याआधी

टोनर काय किंवा कार्बन काय, तळहाताने पुसलं जातं. कोरताना हात त्याच्यावरच टेकलेला असतो, आणि अर्धं नाव कोरून होईपर्यंत उरलेलं अर्धं मनगटाला लागलेलं असतं. म्हणून छाप जमली की लगेच स्क्रायबरने सगळ्या रेघा एकदा हलक्या ओढून घ्या, दाब जेमतेम ओरखडा दिसेल एवढाच. जिथे कोरायचं नाही तिथे ओरखडा नको, तो पॉलिशनेच जातो मग.

त्यानंतर भांडं लांब धरून बघा, मध्याला आहे का, तिरकं आहे का, उलटं नाही ना. आणि घरातल्या ज्याला यातलं काही कळत नाही त्याला वाचायला द्या. तुम्ही ते नाव चार दिवस बघताय, तुम्हाला ते बरोबरच दिसणार. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे.